भिंतीकडे तोंड केलेलं गाढव

आधीच सांगून टाकतो, शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर सांभाळून घ्या. मी नववीत शाळा सोडली. शब्दही माझ्याकडे साधेच आहेत. भारी शब्द लिहायला गेलो की हात अडतो.

अंधेरीला मरोळच्या बाजूला एक ख्रिश्चन शाळा आहे. तिच्या मराठी माध्यमात मी ड्रॉइंग शिकवतो. आमच्या ड्रॉइंग रूमचं टेबल एकदा बघायला या. वर्षानुवर्षं सांडलेल्या रंगांचे इतके थर त्यावर चढलेत की मूळ लाकूड कसलं होतं ते कोणालाच आठवत नाही. शाळेतल्या किश्श्यांचंही तसंच होतं. एकावर एक चढत जातात आणि एक खरवडायला घेतला की खालचे तीन निघतात! मित्र म्हणाले, "तू तोंडाने काही बोलत नाहीस यार, निदान लिहून तरी दे." म्हणून बसलोय.

*

मी आधी घाटकोपरला मामाच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचो. शाळेच्या स्टेजचा पडदा रंगवायला आलो होतो. पडदा आमच्या मुख्याध्यापिकांना, सिस्टर ऍग्नेसना, आवडला. ड्रॉइंगच्या टीचर नुकत्याच लग्न करून नाशिकला गेल्या होत्या. सिस्टर म्हणाल्या, "सर, थोडे दिवस तास घ्या."

मूर्तीसमोर मी दिवसभर बसू शकतो. मूर्ती उठून "गुड मॉर्निंग सर" म्हणत नाही! नववीचा वर्ग एका सुरात तसं म्हणाला आणि माझी बोलतीच बंद झाली. टेबलावर मी एक तांब्या आणि दोन केळी मांडली होती. मी फळ्याकडे वळलो आणि लिहिलं, 'समोर जे दिसतं ते काढा.'

लिहिलं खरं, पण परत वळायची हिंमत होईना. मग मी फळ्यावरच आंब्याचं झाड काढायला घेतलं. पूर्ण तास काढत राहिलो. प्रत्येक पान वेगळं काढलं.

बेल झाली. मॉनिटरने सगळे कागद आणून दिले. अख्ख्या वर्गाने माझी पाठ काढली होती! तांब्या माझ्या आड गेला होता ना. पाठही अगदी मन लावून काढली होती, घामाचा डागसुद्धा सोडला नव्हता. ऑल्विन नावाच्या एका मुलाने तर माझ्या शर्टावर कॉलरखाली एक चौकोन काढला होता आणि आत लिहिलं होतं, ४०.

"हे काय?" मी विचारलं. शिक्षक म्हणून वर्गात बोललेले माझे हे पहिले शब्द.

"साइझचा स्टिकर, सर. नवीन शर्ट आहे ना? काढायला विसरलात."

*

थोड्या दिवसांचे काही महिने झाले. मग सिस्टरनी ऑफिसात बोलावलं.

"सर, मुलं तुमच्यावर खूश आहेत. मीही खूश आहे. पण कायम ठेवायचं तर मॅनेजमेंट निदान दहावीचं सर्टिफिकेट मागतंय. सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून परीक्षेला बसा. पास झालात तर जागा तुमची. नाही झालात तर मला जूनमध्ये दुसरं कोणीतरी बघावं लागेल."

"मी नक्की पास होईन," असं म्हणायचं मनात होतं. तोंडातून "बरं" एवढंच निघालं.

मला ती जागा हवी होती. किती हवी होती ते कोणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी घरी जाताना बसस्टॉप मागे पडला तरी मी आपला चालतच राहिलो.

बाकी विषयांचं काही नव्हतं. प्रश्न गणिताचा होता. वडील गेले तेव्हा माझी शाळा सुटली. गणित त्याच्या बरंच आधी सुटलं होतं.

*

आता फिलू टीचर. फिलोमिना हे पूर्ण नाव, पण तेवढं लांब नाव घेईपर्यंत त्या थांबत नाहीत. मरोळ गावठाणातल्या जुन्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्याच मूळच्या ख्रिश्चन, घरातल्या. संगीत शिकवतात, पेटी आणि पियानो दोन्ही वाजवतात, आणि रिटायर व्हायला थोडीच वर्षं उरलीत तरी जिने पळत चढतात. मला पहिल्या दिवसापासून "बाबू" म्हणतात.

त्यांचा वर्ग आणि माझा वर्ग म्हणजे एकच हॉल. मधे चार कपाटं उभी केलीत, तीच भिंत. त्यामुळे माझा वर्ग त्यांच्या तालावर रंगवतो! पलीकडे संथ गाणं चाललं असेल तर इकडे आकाशाचे वॉश, म्हणजे पातळ रंगाचे हात, असे सुरेख उतरतात की बघत राहावं. पलीकडे नाताळची जलद गाणी सुरू झाली की इकडे ब्रश नाचायला लागतात. मग सूर्य वाकडा, होडी वाकडी, कोळी पाण्यात!

एकदा मी धीर करून कपाटाआडून म्हटलं, "टीचर, जरा हळू घ्याल का? आमचं लेटरिंग चाललंय."

"बाबू, येशू जन्मला हाय! त्याला हळू कसा जन्मवू?"

त्या वर्षी नाताळची सगळी पोस्टर्स तिरकी झाली. सिस्टर म्हणाल्या, मॉडर्न आर्ट आहे.

*

एका तासाला स्थिरचित्र होतं, म्हणजे वस्तू समोर ठेवून काढायची. तीच ती केळी आणि तोच तो तांब्या बघून मुलं कंटाळली होती. वर्गातली एक मुलगी म्हणाली, "सर, माझी आई मार्केटला मासे विकते. उद्या पापलेट आणू?"

आणलं. काय पापलेट होतं! चंदेरी, त्यात निळसर झाक, डोळा काचेसारखा. मी खूश. मुलं गप्प बसून काढत होती. डबल पिरियड होता. पहिला पिरियड संपता संपता पंख्याच्या वाऱ्याने पापलेटची बातमी कपाटापलीकडे पोचली.

पेटी थांबली. फिलू टीचर आल्या. पापलेटकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाबू, किती वेल त्याला आसा उघडा ठेवणार?"

"टीचर, शेडिंग राहिलंय."

"शेडिंग तुमी आठवणीने करा. ह्यो आजून आर्धा तास थांबनार नाय."

आणि प्लेटसकट घेऊन गेल्या! शाळेमागे सिस्टर लोकांचं किचन आहे. थोड्या वेळाने तिकडून असा वास आला की कोणाचंच शेडिंग झालं नाही.

कागद तपासायला बसलो. सगळ्यांचं पापलेट होतं, कुठे अर्धं, कुठे पूर्ण. ऑल्विनच्या कागदावर मात्र एक प्लेट, अर्धं लिंबू आणि मधे नुसता काटा.

"हे रे काय?"

"सर, मी उशिरा आलो."

*

सरकारी चित्रकला परीक्षा असते ना, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट? तिच्यासाठी मी मुलांची जीव तोडून तयारी करून घेतली. सुट्टीतही बोलवायचो. निकाल झकास लागला. सिस्टर स्टाफरूममध्ये पेढे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सरांचे आभार! या ग्रेडमुळे आपल्या मुलांना दहावीला जादा मार्क मिळणार."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फिलू टीचरनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "मंग बाबू, तुला किती मिलनार?"

टाळ्या थांबल्या.

बाहेरून बसणाऱ्याला ते मार्क चालतात की नाही, मला अजून माहीत नाही. पण निदान विचारायचं तरी! अख्ख्या शाळेत, माझ्यासकट, कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

"सर, परीक्षेच्या दिवशी तुम्ही कुठे होतात?" सिस्टरनी विचारलं.

"इथेच होतो," मी म्हटलं. "मुलांचे पाण्याचे डबे भरत होतो."

*

डिसेंबरात सिस्टरनी नाताळच्या गोठ्यातल्या मूर्ती माझ्याकडे दिल्या. प्लास्टरच्या जुन्या मूर्ती, रंग पार उडालेला. मारिया, योसेफ, बाळ, मेंढपाळ, एक गाय आणि एक गाढव. मी हरखलो. किती दिवसांनी हातात मूर्ती आली होती!

आमच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते. डोळे असे काढायचे की माणूस मंडपात कुठेही उभा राहिला तरी मूर्ती त्याच्याकडेच बघतेय असं वाटलं पाहिजे. मामाने मला वेगळं काही शिकवलंच नव्हतं. आणि बाळाचे डोळे झोपेत मिटलेले होते. म्हणून मी सगळी कला बाकीच्यांवर लावली.

सिस्टर बघायला आल्या. मारियासमोर हात जोडले. मग त्या डावीकडे सरकल्या. मग उजवीकडे. मग दारापर्यंत जाऊन एकदम मागे वळल्या.

"सर, हे गाढव माझ्याकडे का बघतंय?"

"सिस्टर, ते सगळ्यांकडेच बघतंय."

"बगू दे की!" फिलू टीचर म्हणाल्या. "बाल झोपलंय, आईबाप दमलेत. कोनीतरी लक्ष ठेवाया पायजे!"

नाताळ झाला. मूर्ती पेटीत गेल्या. गाढवाचा कान तुटला होता म्हणून ते तेवढं मागे राहिलं. मी कान चिकटवून दिला आणि ते सिस्टरच्या ऑफिसात कपाटावर जाऊन बसलं. दोन दिवसांनी सिस्टरनी मला बोलावलं.

"सर, मला काम सुचत नाही. याचे डोळे जरा लहान करा."

आणि मी, ज्याने आजवर रिक्षावाल्यालाही कधी नाही म्हटलं नव्हतं, तो म्हणालो, "नाही सिस्टर. आमच्यात एकदा डोळे उघडले की परत ब्रश लावत नाहीत."

सिस्टरनी चष्मा काढला. मला वाटलं, लागली वाट, जूनपर्यंत थांबायची पण गरज नाही!

"बरं," त्या म्हणाल्या. "तुम्ही दहावी पास व्हा, मग मी तुमचं ऐकेन. तोपर्यंत हे असं राहील." आणि त्यांनी गाढव उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पोरांना बातमी लागलीच.

"गाढवाला कसली शिक्षा झालीय रे?"

"ड्रॉइंग सरांचं गणित कच्चं आहे ना, त्याची!"

*

माझं गणित ऑल्विनने हातात घेतलं. तो आता दहावीत होता, म्हणजे आम्ही एकाच वर्षी परीक्षेला बसणार होतो. गणितात तो वर्गात पहिला. शाळा सुटली की ड्रॉइंग रूममध्ये त्याची शिकवणी. वर्गात मी "ऑल्विन, गप्प बस" म्हणायचो, शिकवणीत तो "सर, लक्ष कुठे आहे?" म्हणायचा. मान मात्र राखून. चुकलो तर म्हणायचा, "सर, उभे राहा. बेंचवर नको, पडाल."

एकदा मी त्रिकोणाचा प्रश्न सोडवण्याऐवजी त्रिकोण सुंदर रंगवून आणला. त्याने माझ्या वहीवर लाल पेनाने शेरा मारला, 'लक्ष कमी. पालकांना घेऊन येणे.'

गंमत होती हो. पण वही आईच्या हाती लागली. माझ्या लहानपणी असले शेरे तिने इतके वाचले होते की वाक्य ओळखायला वेळ लागला नाही. आई मालवणची. गल्लीतल्या बायका तिला अजून 'मालवणवाली' म्हणतात. दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून थेट ड्रॉइंग रूमच्या दारात.

"गणिताचे मास्तर खंय असत?"

ऑल्विन खुर्चीतून उठला, शर्ट आत खोचला. "मीच. बसा मावशी."

आईने त्याला वरून खालपर्यंत बघितलं. मग पदर सावरून बसली आणि अगदी हळू विचारलं, "माझो झील पास होतलो मा? त्येका ही नोकरी होई हा. सांगणा नाय तो, पण रातचो झोपेत 'गुड मॉर्निंग' म्हणता."

ऑल्विनने हातातलं लाल पेन खाली ठेवलं. मग अगदी मास्तरांच्या आवाजात म्हणाला, "मावशी, होईल. तुम्ही फक्त घरचा टीव्ही बंद ठेवा."

त्या दिवसापासून निकाल लागेपर्यंत आमच्या घरात टीव्ही लागला नाही. आईच्या दोन मालिकांमध्ये काय झालं ते तिला अजून कळलेलं नाही.

*

परीक्षेचं सेंटर नेमकं माझं आणि आमच्या मुलांचं एकच आलं. पहिल्या दिवशी वर्गात शिरलो तर सुपरवायझर सरांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा माझ्या हातात दिला.

"बरं झालं आलात. तुम्ही खिडकीकडच्या रांगेत वाटा."

आता यांना कसं सांगायचं? मी वाटल्या! मुलं "थँक्यू सर" म्हणत घेत होती. शेवटची उत्तरपत्रिका उरली ती घेऊन मी शेवटच्या बेंचवर बसलो, पेनाचं टोपण काढलं आणि नंबर लिहायला लागलो. सुपरवायझर सरांचा चेहरा मी अजून कागदावर काढू शकलेलो नाही.

इतिहासाच्या पेपरला तर कहर झाला. फिलू टीचरनी इतिहासातली सगळी महत्त्वाची उत्तरं स्वतः चाली लावून गाण्यात बसवली होती. "गानं विसरत नाय कोनी," हे त्यांचं म्हणणं. पेपर हातात आला आणि मागून कुठूनतरी बारीक गुणगुण ऐकू आली.

"कोण गातंय?" सुपरवायझर सर.

शांतता. मग खिडकीकडून गुणगुण. ते खिडकीकडे गेले तर दाराकडून. दाराकडे गेले तर माझ्या बेंचवरून, कारण मला कलमं आठवत नव्हती आणि दुसऱ्या कडव्याशिवाय ती येत नाहीत! कोणी काही बोलत नव्हतं, कॉपी नव्हती, चिठ्ठी नव्हती. नुसता वर्ग गुणगुणत होता. सर बिचारे दोन तास फिरत राहिले.

पेपर संपला. गठ्ठा बांधून ते जिन्याने खाली उतरायला लागले. मी मागे होतो. ते दुसरं कडवं गुणगुणत होते.

*

निकालाचा दिवस. दुपारी एक वाजता ऑनलाइन लागणार होता. सकाळी मी ड्रॉइंग रूममध्ये ब्रश धूत होतो. धुतलेलेच परत धूत होतो. तेवढ्यात सिस्टर आल्या. त्या कधी पळत नाहीत, पण चालत होत्या असंही म्हणता येणार नाही.

"सर, तुम्ही फिरवलंत?"

"काय, सिस्टर?"

त्या मला ऑफिसात घेऊन गेल्या. कपाटावर गाढव दाराकडे तोंड करून बसलं होतं. आत येणाऱ्याकडे सरळ बघत.

"काल संध्याकाळी मी स्वतः कुलूप लावलं, तेव्हा भिंतीकडे बघत होतं," सिस्टर म्हणाल्या. किल्ली त्यांच्याकडेच असते. दुसरी शिपाईमामांकडे, आणि मामा सुट्टी घेऊन गावी गेलेले. फिलू टीचर आल्या, दोन्ही हात वर केले. "देवाशप्पत, मी नाय!"

कोणीच त्याला परत फिरवलं नाही. एक वाजेपर्यंत आम्ही तिथेच बसलो. मुलंही जमली. फिलू टीचर पियानो वाजवते म्हणाल्या आणि शेजारच्या हॉलमध्ये जाऊन बसल्या, पण वाजवलं काहीच नाही.

एक वाजला. साइट बंद. सगळ्यांचे मोबाइल गोल गोल फिरतायत. ऑल्विन कोपऱ्यात मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. एकदम ओरडला, "सर, मावशीचं नाव काय?"

"कशाला?"

"आईचं नाव टाकावं लागतं! लवकर सांगा!"

"सुलोचना."

पंखा तेवढा फिरत होता. मी गाढवाकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होतं, पण ते काय, सगळ्यांकडेच बघतं.

"पास! सर पास! गणितात पस्तीस!" ऑल्विन बाकावर चढला. "पस्तीस, सर! बरोब्बर पस्तीस!"

फिलू टीचरनी नाताळची जलद गाणी सुरू केली, ऐन उकाड्यात. पोरं नाचायला लागली. सिस्टरनी रुमाल काढून चष्मा पुसला, मग परत पुसला. त्या गोंधळात मी ऑल्विनला विचारलं, "आणि तुझे किती रे?"

"थांबा," तो म्हणाला. "माझा नंबर अजून टाकलाच नाही."

संध्याकाळी आमच्या घरी टीव्ही लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो आणि चालत आरेमध्ये गेलो. तिथे एका तबेल्यावर ओळख आहे. ओला हिरवा चारा घेतला, कागदात गुंडाळला आणि शाळेत आलो. ऑफिस उघडं होतं. सिस्टर खाली मान घालून काहीतरी लिहीत होत्या. मी आवाज न करता कपाटापाशी गेलो, गाढवासमोर चारा नीट पसरून ठेवला आणि परत निघालो.

दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून आवाज आला. सिस्टरनी मान वर केली नव्हती.

"एवढासाच? पस्तीस मार्कांना?"